आक्काच्या कोंबड्यांना मी आणलेलं खाद्य

आक्काकडं कोंबड्या पहिल्यापासून होत्या. सात-आठ असायच्या, कधी दहा. पैठण रस्त्याला बिडकीनच्या पुढं आमचं गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती आणि वस्तीतलं शेवटचं घर आक्काचं. भावजी गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगी लांब लातूरकडं दिलेली. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर नाहीतर बांधाबांधानं फिरायच्या आणि अंधार पडायच्या आत आपणहून खुराड्यात शिरायच्या. मूठभर ज्वारी, शिळ्या भाकरीचा चुरा, निवडताना निघालेली कणी, एवढ्यावर त्यांचं भागायचं. अंडी मिळतील तेवढी मिळायची.

मी तिची धाकटी बहीण. शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मी शिकले ती आक्कामुळं. आई लवकर गेली तेव्हा आक्कानं शाळा सोडली, लोकांच्या रानात निंदण-खुरपणाला जायला लागली आणि मला मात्र शाळेतून काढू दिलं नाही. हे तिनं उभ्या आयुष्यात एकदाही बोलून दाखवलेलं नाही. बोलली असती तर माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि तिच्यासाठी काहीतरी करायचं म्हणून माझं लक्ष तिच्या कोंबड्यांवर गेलं.

मी तिला सुधारित जातीच्या चाळीस तलंगा आणून दिल्या. तलंगा म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या. घरामागं जाळीचं शेड मारून घेतलं, पाण्याची भांडी आणली. मग मी तिला समोर बसवून समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं.

"ह्यांना नुसत्या ज्वारीवर ठेवून चालायचं नाही, आक्का. ह्यांचं तयार खाद्य मिळतं. प्रथिनं, कॅल्शियम, सगळं मापात घातलेलं असतं. तेच घालायचं. उकिरड्यावर सोडायच्या नाहीत."

"मंग दिसभर कोंडून ठिवायच्या?"

"कोंडून नाही. शेडमध्ये."

आक्का हसली. "तू म्हंतीस तर आसंल. तू शिकेल हाईस."

पहिलं वर्ष खरोखरच चांगलं गेलं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. तिथं कोंबड्यांचं, जनावरांचं, माशांचं, सगळ्यांचं खाद्य मिळायचं. दर पंधरवड्याला मी तिथून पोती घ्यायची, गाडीच्या मागच्या सीटवर टाकायची आणि गावाला जायची. दुकानदार मला ओळखायला लागला होता. मी पायरी चढायच्या आत तो पोतं बाहेर काढून ठेवायचा. आक्काकडं रोज पंचवीस-तीस अंडी निघायला लागली. वस्तीतल्या बाया यायच्या, गावातल्या यायच्या. कुणाची सून पोटुशी, कुणाचा म्हातारा तापातून उठलेला, कुणाचं पोरगं शाळेच्या कबड्डीत. आक्का प्रत्येकीला अंडी मोजून पदरात टाकायची आणि कोण कशासाठी नेतंय हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

तिच्याकडं एक कुत्रा होता, काळा, छातीवर पांढरा पट्टा असलेला. तिनं त्याला नाव ठेवलं नव्हतं. "आरं ए" म्हटलं की तो उठायचा. रात्री शेडच्या दारात आडवा पडायचा, त्यामुळं चाळीस कोंबड्यांपैकी एकही मुंगसानं नेली नाही. त्याच्यासाठीही मी त्याच दुकानातून खाद्य आणायला लागले. दुकानाच्या दारातच सुट्या डॉग फूडची उघडी गोणी असायची. तपकिरी गोळ्या, मापानं भरून द्यायचे. भाकरी-ताकावर वाढलेल्या कुत्र्याला त्याची काही गरज नव्हती. पण मला वाटलं, कोंबड्यांचं करतोय तर त्याचंही करावं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, भादव्याच्या सुमारास, मी दुकानात गेले तर नेहमीची छापील पोती नव्हती. पांढरी पोती होती आणि त्यांच्यावर कोंबडीचं एक फिकट चित्र होतं.

"तो माल सध्या येत नाही मॅडम," दुकानदार म्हणाला. "हा घ्या. लोकल आहे, पण एक नंबर. पोल्ट्रीवाले सगळे हाच नेतायत."

पोत्याच्या तोंडाशी शिवलेली एक चिठ्ठी असते. खाद्यात काय आहे, कधी भरलं, कुठं भरलं हे तिच्यावर लिहिलेलं असतं. त्या पोत्यांना चिठ्ठी होती, पण तिच्यावर छापलेले रकाने कोरे होते. हे मी नंतर पाहिलं. त्या दिवशी बाहेर पाऊस होता, गाडी चुकीच्या जागी लावली होती, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी महिनाभर पुरतील अशी तीन पोती आणि डॉग फूडची एक मोठी पिशवी गाडीत टाकून घेतली आणि निघाले.

चार दिवसांनी आक्काचा फोन आला.

"धाकले, ह्या पोत्याला कुबट वास येतोय. आन् गठुळ्या बी हाईत आत."

"त्यात औषधं घातलेली असतात आक्का, त्याचा वास असतो. गठुळ्या हातानं फोडून टाक."

"कोंबड्या तोंड लावनात."

"नवीन आहे म्हणून. होईल सवय. तू मात्र मधेच ज्वारी टाकू नकोस. दुसरं काही मिळालं नाही की खातील."

"बरं," आक्का म्हणाली.

हे संभाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे. तिला वास आला होता. कोंबड्यांनाही आला होता. मी चाळीस किलोमीटरवर बसून त्यांना सांगत होते की तो वास औषधाचा आहे.

कुत्रासुद्धा त्या गोळ्यांना तोंड लावेना. आक्कानं त्या दुधात भिजवून त्याला घातल्या. दूध ती स्वतःच्या चहापुरतंच घ्यायची. त्यातलं अर्धं त्याच्या ताटलीत जायला लागलं, कारण मी एवढ्या लांबून आणलेलं वाया जाऊ नये.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंडी कमी होत गेली. मी म्हटलं, हवा बदलतेय, होतं असं. मग टरफलं पातळ झाली. "हातात धरलं की टिचतंय गं," आक्का म्हणाली. मी शिंपल्याचा चुरा पाठवला. मग एक दिवस ती म्हणाली, "कोंबड्या बसूनच ऱ्हात्यात. उठवलं तर झिंगल्यावानी चालत्यात." तुऱ्यांचा रंग उडाला होता. मग मरायला लागल्या. एका दिवशी एक, मधे दोन दिवस काही नाही, मग एकदम तीन.

मला मानमोडीचा संशय आला. कोंबड्यांत तो रोग आला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. गावात येणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाला फोनवर गाठून मी कोंबड्यांना लस टोचून घेतली. आक्काला फोनवर सांगितलं की अशक्त झाल्यात, त्यांना खाद्य थोडं वाढवून दे. तिनं वाढवून दिलं.

एका सकाळी ती म्हणाली, "कुत्रं बी खाईना आता. भाकर बी खाईना. येतीस का?" आक्का मला कधी 'ये' म्हणत नाही. मी पर्स उचलली आणि निघाले.

पोचले तेव्हा आक्का शेडच्या दारात बसली होती. सतरा कोंबड्या उरल्या होत्या. मेलेल्या तिनं पांदीच्या वाटेकडेला पुरल्या होत्या. त्या सकाळी मेलेली एक पायरीवर पडली होती, पंख फाकून.

"हिला बी पुरायचीय," आक्का म्हणाली.

"थांब. आपण आत बघू."

मी तिच्याकडून विळी घेतली नाही. माझ्या पर्समध्ये अजूनही ब्लेड असतं, सवयच ती. पाटावर वर्तमानपत्र पसरलं, कोंबडी उताणी ठेवली आणि पोट उघडलं. हे काम मी पोरांना शेकडो वेळा करून दाखवलं होतं, बेडकावर, उंदरावर, झुरळावर. कोंबडीचं काळीज, म्हणजे यकृत, गर्द तांबूस असतं, हे कुणालाही माहीत असतं. हिचं पिवळं होतं. सुजून कडा गोल झाल्या होत्या, वर बारीक रक्ताचे ठिपके होते आणि बोटानं दाबलं तर ओल्या पिठासारखं फुटलं. मानमोडीत काळीज असं होत नाही. असं कशानं होतं ते मला माहीत होतं. मी शिकवलेलं होतं. दर वर्षी अकरावीची पोरं पावाचा ओला तुकडा बशीत झाकून ठेवायची, आठवड्यानं त्यावर बुरशी यायची आणि मी फळ्याशी उभी राहून सांगायची की बुरशी दिसते तेवढीच नसते, काही बुरशा विष सोडतात, शेंगदाण्यात, मक्यात, आणि ते विष काळजावर जातं.

"पोतं कुठंय आक्का?"

तिनं आतून पोतं ओढत आणलं. मी तळापर्यंत हात घातला. वरचं कोरडं होतं, खाली गार लागलं. मुठीएवढं ढेकूळ वर आलं. फोडलं तर मधे हिरवट राखाडी लव आणि मक्याचे काळे पडलेले तुकडे. वास नाकात शिरला. ओल्या गोदामाचा वास. औषधाचा वास असा नसतो. कुणीही सांगितलं असतं. आक्कानं सांगितलंच होतं.

"कशाचंय ते?" तिनं विचारलं.

"बुरशीचं. ह्यानंच मेल्या."

तिनं पोत्याचं तोंड गुंडाळलं. मग म्हणाली, "कुत्र्याला बग."

कुत्रा घराच्या सावलीला पडला होता. हाक मारल्यावर शेपटी एकदा हलली. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या होत्या. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. शेजारी मातीवर काळपट ओकारी वाळलेली होती.

आम्ही दोघींनी त्याला चादरीत घेऊन मागच्या सीटवर ठेवलं. आक्काला कोंबड्या सोडून येता येईना. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावलं. वाटेत बिडकीनच्या पुढं त्याला एकदा उलटी झाली. मी आरशात बघत बघत गाडी चालवली.

शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ओठ उचलला, पोट दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय खातो?"

मी पिशवी पुढं केली. कोंबड्यांच्या पोत्यातलं ढेकूळही मी रुमालात बांधून नेलं होतं. त्यांनी दोन्ही उजेडात धरलं.

"हे एकाच ठिकाणचं आहे?"

"एकाच दुकानातलं. माल एकाच ठिकाणी बनतो का ते माहीत नाही."

"मका ओला असताना भरला असणार. हे विष भाजून, शिजवून जात नाही, मॅडम. वरून चांगला दिसणारा दाणासुद्धा चांगला असेलच असं नाही. कुत्र्यांना तर फार लवकर बाधतं. किती दिवस खात होता?"

"महिना. जास्तच. खात नव्हता, दुधात कालवून घालत होतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली. "काळजाचा बराच भाग गेलेला असावा. प्रयत्न करू," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले आणि सलाईन संपलं की चिकलठाण्याला परत आणलं. गॅलरीत गोधडी टाकून ठेवलं. तो पाणीसुद्धा पिईना. चमच्यानं घातलं तर कडेनं गळायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातून रक्त आलं, आणि दुपारी मी कपडे वाळत घालत असताना तो गेला. मी पाठमोरी होते. वळले तेव्हा झालेलं होतं.

आक्काला फोन केला. ती म्हणाली, "हितंच आण."

मी पोचले तेव्हा तिनं घरामागं बांधाला खड्डा खणून ठेवला होता. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटीनं, कमरेइतका. आम्ही त्याला चादरीसकट खाली ठेवला. माती लोटून झाल्यावर ती खोऱ्याला टेकून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आन् अंडी?"

"काय अंडी?"

"मी इकलेली. त्येच्यात गेलं आसंल का ते?"

हा प्रश्न मी डॉक्टरांना आदल्याच दिवशी विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या की अंड्यात थोडा अंश उतरू शकतो. एवढ्या दिवसांत माणसाला काही व्हायची शक्यता कमी, पण आता ती अंडी कुणाला देऊ नका.

मी आक्काला तेच सांगितलं, पण माझ्या पद्धतीनं. "अगदी किंचित जातं. घाबरण्यासारखं नाही. आता विकू नकोस म्हणजे झालं. लोकांना सांगत बसायची गरज नाही, उगाच घबराट होईल."

"सांगू नगं म्हंतीस?"

"गरज नाही म्हणते."

"खाल्लेत त्येंनी," आक्का म्हणाली. "तेन्ला म्हाईत नगं व्हय?"

मी पायानं माती दाबत राहिले. मला लोकांच्या जिवाची काळजी नव्हती असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझीच जास्त होती. खाद्य कुणी आणलं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोती उतरवताना पोरं गाडीभोवती जमायची. शहरात शिकून मास्तरीण झालेली बहीण म्हणून माझं तिथं एक नाव होतं.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी थांबले. पौर्णिमेला वस्तीतली सगळी माणसं विहारात जमतात. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, पोरं उठायला लागली, तेवढ्यात आक्का उभी राहिली. ती चारचौघांत बोलणारी बाई नाही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "माह्या कोंबड्या मेल्या ते तुमाला ठावं हाय. त्या रोगानं नाय मेल्या. खाद्य नासकं हुतं. इखारी हुतं. तेच खाऊन त्येंनी अंडी दिली आन् मी ती तुमाला इकली. मला म्हाईत नव्हतं. डाक्टर म्हंती माणसाला लई काय हुत न्हाय. पन ज्येच्या घरात असतील त्येनी टाकून द्या. आन् कुनाला काय तरास वाटला तर दवाखान्यात जावा, हे बी सांगा तिथं."

उठलेली पोरं परत खाली बसली. मग मागून एक बाई उठली. तिची सून सातव्या महिन्यात होती आणि दोन महिने रोज दोन अंडी आक्काकडून जात होती.

"आता सांगतीस?" ती ओरडली. "माह्या सुनंच्या पोटात गेलं सगळं, आन् आता सांगतीस? वास आला नाय व्हय तुला?"

"आला हुता," आक्का म्हणाली.

"आला हुता आन् घातलंस?"

"घातलं."

बाई आणखी बरंच बोलली. बाकीच्यांनी तिला धरलं, बसवलं. आक्का उभीच होती, ती बोलायची थांबेपर्यंत. वास आला तेव्हा तिनं कुणाला फोन केला आणि तिकडून काय उत्तर मिळालं, हे तिनं सांगितलं नाही. मी तिच्यापासून चार हातांवर, सतरंजीवर मांडी घालून बसले होते. मी उठून 'मी सांगितलं होतं तिला' एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी त्या बाईच्या घरी गेले. सून ओट्यावर गहू निवडत होती. मी सासूला म्हटलं, "चूक आक्काची नाही. तिनं मला विचारलं होतं. मी चालेल म्हणाले." बाईनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमी काल का नाय बोलल्या?" मी पाण्याचा पेला खाली ठेवला. सुनेला मी माझ्या गाडीतून शहरात नेलं, तपासण्या करून आणल्या. सगळं ठीक निघालं. पुढं तिला मुलगी झाली. पोर धडधाकट आहे. तरी सासू आक्काशी अजून बोलत नाही. आता तर दोन वर्षं उलटून गेली.

दुकानात मी त्यानंतरच्या सोमवारी गेले. ढेकूळ काचेच्या काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते उचललं, नाकाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं.

"पाऊस होता, मॅडम. तुमच्याकडे ओल लागली असेल."

"घेतल्यापासून चौथ्या दिवशी गठुळ्या होत्या."

"सगळ्यांना हाच माल गेलाय. कुणाची कंप्लेंट नाही. कोंबडी मेली की लोक आधी फीडलाच नाव ठेवतात."

"कुत्रा पण मेला."

त्यानं ढेकूळ माझ्याकडं सरकवलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "बिल आहे का तुमच्याकडे?"

बिल नव्हतं. वर्षभराच्या ओळखीत मी कधी मागितलंच नव्हतं. त्यानं मला दुसरं पोतं देऊ केलं, नव्या मालाचं. मी नको म्हटलं. माझ्या मागं एक शेतकरी मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दुकानाच्या पायरीवर त्यानं मला गाठलं.

"बाई, माझ्याकडं ह्याच मालाची पाच पोती पडलीत. पक्षी मरायलेत माझे बी. टाकून देऊ का?"

"टाकून द्या. गुरांना पण घालू नका. खड्ड्यात पुरा."

"मग खायला काय घालू? मोठं शेड हाय माझं. रोज ढीगभर लागतं. दुसऱ्या दुकानातलं चांगलं असंल म्हनता?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तो दोन मिनिटं तिथंच उभा राहिला आणि मग परत आत गेला. काय घेऊन बाहेर आला ते बघायला मी थांबले नाही.

मी नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवाल यायला बरेच दिवस लागले. विषाचं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर होतं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा निष्कर्ष फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. तो कागद आणि तक्रारीचा अर्ज घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं नीट वाचला, हळहळला आणि म्हणाला, "पोतं सीलबंद पाहिजे होतं. फोडलेल्यात नंतर काहीही होऊ शकतं, असं विकणारे म्हणणार." मी विचारलं, सीलबंद पोत्यात काय आहे हे मला फोडल्याशिवाय कसं कळावं? तो म्हणाला, "ते बरोबर आहे तुमचं." अर्जावर शिक्का मारून त्यानं एक प्रत मला दिली. त्याचं पुढं काही झालं नाही. मी दोनदा जाऊन आले, मग जायचं सोडलं.

दुकानातून सुट्या डॉग फूडची गोणी काही दिवस दिसेनाशी झाली. दिवाळीनंतर मी त्या गल्लीतून गेले तेव्हा ती पुन्हा दारात होती आणि एक बाई आपल्या पिल्लासाठी माप भरून घेत होती. मी थांबून तिला सांगितलं. तिनं नम्रपणे ऐकून घेतलं आणि पिशवीला गाठ मारली.

आक्काच्या सतरा कोंबड्यांपैकी नऊ जगल्या. उरलेलं खाद्य आम्ही दोघींनी खड्ड्यात ओतलं, वर चुना टाकला, शेळ्यांनी उकरू नये म्हणून दगड रचले. नऊ कोंबड्या ती पुन्हा ज्वारीवर, बांधावर सोडायला लागली. त्यातल्या चार परत अंड्यावर आल्या. ती अंडी कुणी घेईना. आक्का स्वतः खायची, सगळ्यांना दिसेल असं ओट्यावर बसून. हळूहळू दोन-तीन घरं परत यायला लागली, पण पहिल्यासारखं राहिलं नाही.

मी तिला म्हटलं, "नव्या तलंगा आणते. ह्या वेळी खाद्य घरीच दळू. मी स्वतः मका निवडून आणते."

"नगं," ती म्हणाली.

"पैशाचं तू बघू नकोस."

"पैशाचं नाय गं. माह्यानं आता एवढ्या मेल्याल्या पुरणं हुनार नाय."

दुसरा कुत्राही तिनं पाळला नाही. मी शहरातून एक पिल्लू नेऊ का विचारलं, तर तिनं विषय बदलला.

ह्या हंगामात ती कापूस वेचायला जायला लागलीय. मला ते शेजारणीकडून कळलं. मी गेले तेव्हा घराला कडी होती. ओट्यावर दीड तास बसले. ती उन्हं उतरल्यावर आली, कमरेला ओटी बांधलेली, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. मला बघून म्हणाली, "फोन करून यायचं न्हाय व्हय?" हातपाय धुतले, चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली. मी रागावून विचारलं, ह्या वयात हे कशाला? ती म्हणाली, घरात बसून डोकं फिरतं. मग तव्यावरची भाकरी उलटताना तिचं बोट भाजलं. तिला तव्याची कड दिसलीच नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, दिवाळीपासून उजव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय.

"मग बोलली का नाहीस?"

"तू लगीच कायतरी करशील म्हून."

जेवण झाल्यावर मी तिच्या डोळ्यात टॉर्च मारून पाहिला. मोतीबिंदू पिकलेला होता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात शहरात चल, दाखवू. तिनं ताटं उचलून मोरीत ठेवली. मग तिनं विचारलं, कोणत्या दवाखान्यात, डॉक्टर कोण, तिथं आपल्या गावातलं आधी कुणी जाऊन आलंय का. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. जे नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, गावातल्या एका म्हातारीचं ऑपरेशन झालंय, तिला सकाळी विचारून येते, मग ठरवू.